एकमेव नर्सचं गुप्त मत

रंगारी आला तेव्हा सिस्टर एका दमेकरी आजोबांच्या पाठीला स्टेथस्कोप लावून उभ्या होत्या. "मोठ्ठा श्वास घ्या," असं त्यांनी म्हणायला आणि रंगाऱ्याने दारात डबा उघडायला एकच गाठ पडली. आजोबांनी सांगितल्याप्रमाणे श्वास घेतला आणि पुढची पाच मिनिटं खोकत बसले.

"खोली रिकामी करा," रंगारी म्हणाला. "तक्तेसाहेबांचा हुकूम आहे. परवा वातावरण मोजायला माणसं येणार आहेत."

"कसलं वातावरण?"

"ते मला काय ठाऊक? मला फिकट हिरवं सांगितलंय."

तक्तेसाहेब म्हणजे आरोग्य केंद्राचे व्यवस्थापक. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, केंद्रात ते कुणी घेत नसे. त्यांच्या खोलीच्या चारही भिंतींवर तक्ते होते. लसींचा तक्ता, हजेरीचा तक्ता, औषधांचा तक्ता, आणि कुठला तक्ता कुठल्या भिंतीवर आहे याचाही एक तक्ता. माणूस वाईट नव्हता. फक्त कागदावर आल्याशिवाय एखादी गोष्ट घडली यावर त्यांचा विश्वास बसत नसे, आणि एकदा कागदावर आली की ती घडली नसली तरी त्यांचं चालत असे.

केंद्राचा गाडा मात्र ओढत होत्या त्या सिस्टर. सुया टोचण्यापासून आणि पट्ट्या बांधण्यापासून त्यांनी सुरुवात केली. मग नोकरी आणि घर दोन्ही सांभाळून तीन वर्षं शिकल्या, परीक्षा दिल्या, आणि रुग्ण स्वतः तपासायचा, निदान करायचं, औषध लिहून द्यायचं असा अधिकार मिळवला. निदान प्रमाणपत्रात तरी तसं म्हटलं होतं. प्रत्यक्षात त्या अधिकाराच्या शेपटाला एक अट बांधलेली होती. प्रत्येक चिठ्ठीवर खाली डॉक्टरांची सही हवी. डॉक्टर शेजारच्याच खोलीत बसत, स्वतःचे रुग्ण बघत, आणि मधूनमधून सिस्टरांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आला की डोकं वर न करता सह्या ठोकून परत पाठवत. रुग्ण त्यांना आपसात 'सहीडॉक्टर' म्हणायचे.

रंग सुरू झाला तशी सिस्टरांची रवानगी सामानाच्या खोलीत झाली. एका बाजूला लसींचा फ्रिज, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायच्या बादल्या, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत एक रुग्ण आणि एक सिस्टर. रुग्ण जरा जाड असला तर सिस्टरांनी दाराबाहेर उभं राहून तपासायचं.

"पण वातावरण मोजणार कसं?" सफाईच्या मावशींनी विचारलं. "फूटपट्टी लावणार का?"

"प्रश्न विचारणार म्हणे."

"मग भिंती कशाला रंगवताहेत? भिंतींना विचारणार आहेत का?"

संध्याकाळी घरी सिस्टरांनी ही हकिकत सांगितली, तेव्हा सासूबाई चष्मा पुसत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सुनेकडे नीट बघितलं.

"तुझं वातावरण मोजायला माणसं येतात? चाळीस वर्षं मी या स्वयंपाकघरात उभी राहिले, माझं कुणी नाही मोजलं."

"मोजायला आले असते तर काय सांगितलं असतंत, आई?"

"खरं सांगितलं असतं. म्हणूनच कुणी आलं नाही."

सिस्टर हसल्या, पण झोपेपर्यंत ते वाक्य त्यांच्या डोक्यातून हललं नाही.

ठरल्या दिवशी मोजणीबाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात फॉर्मची चळत. छोट्या दवाखान्यांत स्वतः रुग्ण तपासणाऱ्या नर्सेसचं कामाचं वातावरण कसं असतं, याची त्या गावोगावी फिरून मोजणी करत होत्या. एकूण एकोणतीस विधानं. प्रत्येकाला चार चौकोन: पूर्ण असहमत, असहमत, सहमत, पूर्ण सहमत. पहिल्याला एक गुण, शेवटच्याला चार. बेरीज करायची, भागायचं, की वातावरण हातात.

खोलीतला रंग अजून ओला होता, म्हणून मुलाखत सामानाच्या खोलीतच झाली. मोजणीबाई फ्रिजला टेकून उभ्या राहिल्या, सिस्टर सलाइनच्या खोक्यावर बसल्या, आणि एकुलत्या एक खुर्चीवर तक्तेसाहेब येऊन विराजमान झाले.

"मी इथे आहे असं समजूच नका," ते म्हणाले. "अगदी मोकळेपणाने बोला."

मोजणीबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पण त्यांनाही बहुधा वरून काही सांगितलेलं असावं. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"विधान पहिलं. 'माझ्या कामासाठी मला पुरेशी जागा उपलब्ध आहे.'"

"आजचं सांगू की एरवीचं?"

"सर्वसाधारणपणे."

"सर्वसाधारणपणे खोली आहे. सध्या ती वातावरणासाठी राखून ठेवलीय."

मोजणीबाईंचं पेन क्षणभर थबकलं. पुढची विधानं भराभर झाली. मग सातवं आलं.

"'व्यवस्थापन माझ्या अडचणी ऐकून घेतं.'"

"हो, ऐकून घेतात."

तक्तेसाहेबांचा चेहरा उजळला. मोजणीबाई 'सहमत'वर खूण करणार, तोच सिस्टर म्हणाल्या, "ऐकून घेतात आणि ठेवून देतात. ठेवून देण्याचा वेगळा चौकोन आहे का?"

तक्तेसाहेब खाकरले. जो माणूस तिथे आहे असं समजायचंच नव्हतं, त्याच्या मानाने बरंच मोठ्याने खाकरले.

"विधान बारावं. 'डॉक्टर माझ्या कामाची कदर करतात.'"

"सहा वर्षांत डॉक्टरांनी माझी एकही चिठ्ठी परत पाठवलेली नाही."

"बघा!" तक्तेसाहेबांना राहवलं नाही. "केवढा विश्वास! लिहा, पूर्ण सहमत."

"वाचलेलीही नाही," सिस्टर म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी निकाल आला. चारपैकी एक पूर्णांक चार. तक्तेसाहेबांनी सिस्टरांना बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर कागद होता आणि चेहऱ्यावर घरातलं कुणी गेल्यासारखी कळा होती.

"बाकी सगळ्या केंद्रांना तीनच्या वर आहेत हो. आपणच तेवढे एक पूर्णांक चार. मी काय तोंड दाखवू वरती?"

"पण साहेब, हे मत गुप्त असतं असं त्या बाई म्हणाल्या होत्या."

"गुप्तच आहे की! अहवालात तुमचं नाव कुठे आहे? 'केंद्रातील एकमेव नर्स' एवढंच म्हटलंय."

सिस्टरांनी यावर काही बोलायचा प्रयत्न केला, पण हसू आवरण्यातच त्यांची सगळी शक्ती गेली.

तक्तेसाहेब हार मानणारे नव्हते. वरच्या कार्यालयाला गळ घालून त्यांनी सहा आठवड्यांनी फेरमोजणी मंजूर करून घेतली आणि तोवर वातावरण सुधारायचा चंग बांधला. लगोलग 'वातावरण सुधारणा समिती' स्थापन झाली. अध्यक्ष स्वतः, उपाध्यक्ष डॉक्टर, सभासद म्हणून खिडकीवरचा कारकून आणि औषधं देणारा. सिस्टरांना समितीत घेतलं नाही. बैठकीच्या वेळी रुग्ण कोण तपासणार?

सुधारणा येऊ लागल्या. पहिल्या आठवड्यात सिस्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचं एक झाड आलं. दुसऱ्या आठवड्यात 'आपल्या सूचना' असं लिहिलेली पेटी आली. तिला कुलूप होतं आणि किल्ली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात समितीने असा ठराव केला की डॉक्टरांनी सिस्टरांचं दिवसातून दोनदा कौतुक करावं, आणि केल्याची नोंद तक्त्यात करावी.

डॉक्टर मुळात भिडस्त माणूस. घरी बायकोचं कौतुक करतानाही त्यांना घाम फुटत असे. सकाळी दहाला ते सिस्टरांच्या दारात येऊन उभे राहिले.

"सिस्टर... आज तुम्ही... वेळेवर आलात."

"रोजच येते, डॉक्टर."

"हो, पण आज विशेष वेळेवर आलात," असं म्हणून ते घाईघाईने निघून गेले आणि तक्त्यात खूण केली. दुपारी पुन्हा आले, बराच वेळ इकडेतिकडे पाहिलं, शेवटी प्लास्टिकच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाले, "झाड चांगलं वाढवलंत."

मावशी तोंडात पदर कोंबून बाहेर पळाल्या.

सिस्टरांना डॉक्टरांचा राग येईना. कीव येत होती, आणि त्याखाली काहीतरी खुपतही होतं. सहा वर्षांत त्यांनी लिहिलेल्या हजारो चिठ्ठ्या या माणसाच्या हातांखालून गेल्या होत्या. कुठे एखादं निदान बरोबर पडलं, कुठे एखादा आजार वेळेत पकडला, याबद्दल याला एक अक्षर बोलता आलं असतं. पण त्यासाठी आधी ते वाचायला हवं होतं.

फेरमोजणीच्या दिवशी तक्तेसाहेबांनी मुद्दाम समितीची बैठक ठेवली. काम कसं चालतं ते मोजणीबाईंच्या डोळ्यांना दिसावं म्हणून त्यांनाही बैठकीत मानाची खुर्ची दिली. बाहेर नेहमीसारखी रांग होती. त्या रांगेत शाळेतल्या एक शिक्षिका भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. आठवा महिना सुरू होता. सिस्टरांनी दारातूनच त्यांचा चेहरा पाहिला आणि आधीच्या रुग्णाला "थांबा जरा" म्हणून त्यांना आत घेतलं.

"काय होतंय, बाई?"

"काही नाही हो. सकाळपासून डोकं दुखतंय. आणि डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं होतंय. घरचे म्हणाले, उन्हाचं असेल."

चेहरा सुजला होता. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडून तसाच राहत होता. सिस्टरांनी रक्तदाब मोजला, दुसऱ्या हाताचाही मोजला, आणि मोजणीचं यंत्र शांतपणे खाली ठेवलं. एकशे सत्तरच्या पुढे. लघवी तपासली, तिच्यातही प्रथिनं उतरलेली. असा दाब कुठल्याही क्षणी आकडीवर जाऊ शकतो, आणि मग आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. मोठ्या हॉस्पिटलात पाठवायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता. त्यांनी मावशींना अ‍ॅम्ब्युलन्स दाराशी आणायला सांगितलं, शिक्षिकेला डाव्या कुशीवर निजवलं, चिठ्ठी खरडली आणि थेट बैठकीच्या खोलीत शिरल्या.

"डॉक्टर, सही हवीय. तातडीचं आहे."

डॉक्टर उठू लागले. तक्तेसाहेबांनी हात वर केला.

"पाचच मिनिटं, सिस्टर. विषय क्रमांक चार चालू आहे."

"कुठला विषय?"

"'डॉक्टर आणि नर्स यांच्यातील समन्वय.'"

खोलीत कुणी हसलं नाही. डॉक्टर अर्धवट उठलेले, अर्धवट बसलेले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं, आणि ते पुन्हा खाली बसले. त्यांचं ते बसणं सिस्टरांना आयुष्यभर विसरता येणार नव्हतं. त्या चिठ्ठी घेऊन वळल्या.

दाराशी गाडी उभी होती. ड्रायव्हरने चिठ्ठी मागितली.

"सहीशिवाय गाडी हलवायची नाही असा नियम आहे, सिस्टर. माझी नोकरी जाईल."

सिस्टरांनी चिठ्ठी गाडीच्या दारावर ठेवली, 'डॉक्टरांची सही' असं छापलेल्या रेघेवर स्वतःचं पूर्ण नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि चिठ्ठी पुढे केली. ड्रायव्हरने एक नजर टाकली.

"सही आहे ना, मग झालं," तो म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली. सिस्टर शिक्षिकेजवळ आत चढल्या. दार लागता लागता मोजणीबाई धावत आल्या, शिक्षिकेची पर्स आणि चपला हातात घेऊन. त्यांनी त्या आत दिल्या.

"मी काही मदत करू?"

"बाहेर रांगेत बत्तीस माणसं आहेत," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना खरं सांगा. आज उशीर होईल म्हणावं."

हॉस्पिटलच्या दारात शिक्षिकेला पहिली आकडी आली, पण तोवर औषध देणारे हात जवळ होते. दुपारी मुलगी झाली. वजन कमी, पण रडणं भरपूर. आई दोन दिवसांनी शुद्धीवर येऊन स्वतः बोलू लागली. तिथली डॉक्टरीण सिस्टरांना म्हणाली, "अर्धा तास उशीर झाला असता ना, तर..." आणि पुढचं तिने हाताने सांगितलं.

चौथ्या दिवशी सिस्टरांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. अधिकार नसताना सही का केली, आणि वातावरण सुधारणेच्या बैठकीत व्यत्यय का आणला, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.

"खुलासा काय करायचा त्यात?" सासूबाई म्हणाल्या. "ती पोर रडतेय तिकडे, तिलाच घेऊन जा आणि साहेबाच्या टेबलावर ठेव."

सिस्टरांनी खुलासा लिहिला. त्यात त्यांनी फक्त रक्तदाबाचा आकडा, वेळ, आणि विषय क्रमांक चारचं शीर्षक लिहिलं. मग अपेक्षेप्रमाणे चौकशी लागली. वरच्या कार्यालयातून तीन अधिकारी आले, टेबलाच्या एका बाजूला बसले, आणि दुसऱ्या बाजूला सिस्टर, डॉक्टर व तक्तेसाहेब. साक्षीसाठी मोजणीबाईंनाही बोलावलं होतं. त्यांनी पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं, पाच मिनिटं या शब्दांसकट. तक्तेसाहेब सारखे रुमालाने मान पुसत होते.

"मुद्दा एवढाच आहे," मधले अधिकारी म्हणाले, "की डॉक्टरांची सही हा रुग्णाच्या सुरक्षेचा कणा आहे. तो कणा सिस्टरांनी मोडला. डॉक्टर, तुमचं काय म्हणणं?"

डॉक्टर उभे राहिले. भिडस्त माणसं बोलायची वेळ आली की नेहमीच दिसतात तसे ते आजारी दिसत होते.

"त्या सहीत कणा वगैरे काही नव्हतं," ते म्हणाले. "सहा वर्षं मी सिस्टरांच्या चिठ्ठ्या न वाचता सह्या केल्या. एकही वाचली नाही. त्यांचं काम चांगलं आहे असं मी धरून चाललो होतो. ते चांगलं आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्या दिवशीही मी बसून राहिलो."

कडेचे एक अधिकारी लेखनिकाला हळूच म्हणाले, "हे नोंदवू नका."

"नोंदवा," डॉक्टर म्हणाले. आयुष्यात त्यांनी एवढ्या मोठ्या आवाजात बहुधा पहिल्यांदाच काही सांगितलं असावं. लेखनिक गोंधळला आणि त्याने ते नोंदवलं.

एकदा कागदावर आलं म्हटल्यावर तक्तेसाहेबांचाही इलाज नव्हता.

निकाल लागला तो असा. सिस्टरांना सक्त ताकीद, पण नोटीस मागे. डॉक्टरांना लेखी ठपका. तातडीच्या वेळी रुग्ण पाठवायची चिठ्ठी नर्सने स्वतःच्या सहीने द्यावी, असा नवा नियम सगळ्या केंद्रांना लागू झाला. 'तातडी' म्हणजे काय हे ठरवायला एक उपसमिती नेमली गेली. तिचं काम अजून चालू आहे, आणि तोवर सिस्टर आपल्या मनाने तातडी ठरवतात. मागे पडलेल्या फेरमोजणीत सिस्टरांनी पुन्हा तेच चौकोन भरले आणि आकडा पुन्हा एक पूर्णांक चारच आला. पण या वेळी वरच्या कार्यालयाने सगळ्या केंद्रांची एकत्र सरासरी काढली. तीन पूर्णांक एक, शेरा 'समाधानकारक'. तक्तेसाहेबांना दूरच्या एका परिषदेत 'वातावरण सुधारणेचे अनुभव' या विषयावर बोलायला बोलावलं. त्यांनी जाताना सोबत नऊ तक्ते नेले.

नोंदीत न आलेला बदल एकच झाला. डॉक्टर चिठ्ठ्या वाचू लागले.

पहिल्या दिवशी गठ्ठा परत यायला एवढा वेळ लागला की रांगेतली माणसं चिडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मध्येच येऊन खोकल्याच्या एका औषधाबद्दल विचारलं, हेच का आणि ते का नाही. सिस्टरांनी कारण सांगितलं. डॉक्टरांना पटलं नाही. दोघं दारात उभं राहून दहा मिनिटं वाद घालत राहिले आणि कुणीच मागे हटलं नाही. सिस्टर चरफडत परत खुर्चीत येऊन बसल्या. पण दुपारी भाकरीचा घास घेताना त्यांच्या लक्षात आलं की आज आपण थकलो नाही.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर एक चिठ्ठी हातात घेऊन आले. या वेळी चेहरा वेगळा होता. आवाज खाली होता.

"सिस्टर, गुडघेदुखीवाले आजोबा गेले का?"

"आत्ताच औषध घ्यायला गेले. सहीला वेळ लागतो म्हणून खिडकीवर हल्ली चिठ्ठीच्या प्रतीवरच औषध देतात. का?"

"त्यांच्या मूत्रपिंडाचा रिपोर्ट परवा आलाय. बरा नाही. ही दुखण्याची गोळी त्यांना चालणार नाही."

सिस्टरांनी चिठ्ठी हातात घेतली. अक्षर त्यांचंच होतं. रिपोर्ट टेबलावर फायलीखाली पडला होता. गर्दीत त्यांनी तो उघडलाच नव्हता. कानशिलं तापली. सहा वर्षांत अशा आणखी किती चिठ्ठ्या त्या खोलीतून सहीनिशी बाहेर गेल्या असतील, हा विचार मनात आला.

"माझी चूक आहे," त्या म्हणाल्या.

"हो," डॉक्टर म्हणाले. कौतुक करताना अडखळणारा माणूस हे मात्र सरळ बोलला. "गोळी बदला, मी सही करतो."

पण सिस्टर तोवर दाराबाहेर पडल्या होत्या. औषधाची खिडकी ओलांडून, रांग ओलांडून त्या फाटकापर्यंत धावत गेल्या. आजोबा काठी टेकत रस्त्याच्या कडेला पोचले होते.

"आजोबा! थांबा, आजोबा! ती गोळी घेऊ नका!"

आजोबांनी वळून पाहिलं. धापा टाकत येणाऱ्या सिस्टरांना बघून ते घाबरलेच.

"का हो? मी मरणार होतो का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांच्या हातातली पुडी काढून घेतली. "चला आत. आधी बसा, मग सांगते."